सगळी बटणं पोपटाकडे

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आपल्या वहिनीची ओळख कायम एकाच वाक्यात उरकायच्या: "ही दादाची बायको, घरीच असते." वाक्य खोटं नव्हतं. मुलगी झाली तेव्हा वहिनीने प्रोग्रामिंगची नोकरी सोडली होती. पण ती मुलगी शाळेत जायला लागली तरी वाक्य काही बदलेना, आणि दर वेळी ते ऐकून वहिनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हणून दवाखान्याचा प्रोग्राम धड चालत नाही म्हटल्यावर ती आपणहून पुढे झाली. "वन्सं, मी लिहून देते." वन्सं म्हटलेलं नणंदेला खपत नाही, म्हणून तर मुद्दाम.

आधीच्या प्रोग्रामरने चांगलेच दिवे लावले होते. दाखल झालेल्या प्रत्येक जनावराच्या नावाचं पडद्यावर एक बटण. डॉक्टरने निरोप टाइप करून ते दाबलं की निरोप त्या जनावराच्या मालकाच्या फोनवर. कल्पना झकास. पण त्या पठ्ठ्याने प्रत्येक बटणासाठी तेच लांबलचक फंक्शन, म्हणजे सूचनांचा तुकडा, पुन्हा पुन्हा चिकटवलं होतं. नवं मांजर आलं की नवी नक्कल! वहिनीने ते सगळं खोडलं आणि एक सुटसुटीत लूप लिहिला: यादीतलं एकेक जनावर घ्यायचं आणि त्याच्यासाठी तिथल्या तिथे एक छोटं फंक्शन जन्माला घालायचं. याला क्लोजर म्हणतात. असं फंक्शन ज्या घरात जन्मतं तिथला डबा बरोबर घेऊन निघतं. पुढे कधीही हाक मारा, मालकाचा नंबर त्याच्या डब्यात असतो. निदान वहिनीची तशी समजूत होती.

घरी तिने यादीत एकच कुत्रा भरून पाहिला. निरोप बरोबर पोचला. झालं, स्वारी खूश! दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दवाखान्यात येऊन प्रोग्राम सुरू करून दिला. नणंदेनेही कौतुकाने शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना बटणं बघायला दुपारी बोलावलं. त्यांना आवडलं तर वहिनीला बाहेरचं पहिलं काम मिळणार होतं.

दुपारच्या आधीच घड्याळवाले काका धापा टाकत आले. त्यांचा पोपट पंखाला पट्टी बांधून दवाखान्यातच पिंजऱ्यात बसला होता. सगळ्यांत शेवटी दाखल झालेला तोच.

"डॉक्टर, माझ्या पोपटाला पिल्लं झाली?"

"काय?"

काकांनी फोन पुढे केला. 'तिन्ही पिल्लं धडधाकट, आई दूध पाजते आहे.' त्याखाली: 'टाके सुकलेत, शेपूट शाबूत आहे.' आणि त्याखाली: 'चावतो फार. येताना तोंडाची जाळी आणा.'

"अहो, नर आहे तो!" काका रडकुंडीला आले. "फोन वाजला की काळजात धस्स होतंय."

"वहिनी, काय केलंस हे!" नणंद कडाडली. मग मांजरवालीला फोन लावला, तिला काहीच कळलं नव्हतं. "वहिनी, काय केलंस हे!" मग कुत्र्यावाल्याला. पुन्हा तेच.

वहिनीचे कान लाल झाले. संपलं, आता जन्मभर दादाची बायको! पण कोड उघडला आणि तिने कपाळावर हात मारला. तिच्या फंक्शनांनी आपापला डबा उचललाच नव्हता. 'लागेल तेव्हा फळीवरून घेऊ' म्हणत सगळी हात हलवत निघाली होती, फळी मात्र सगळ्यांची एकच. लूप संपेपर्यंत फळीवर शेवटचाच डबा उरला: पोपटाचा. एकाच कुत्र्यावर हे कसं कळणार? तिथे पहिला तोच शेवटचा.

तिने बटणं बनवणारं एक वेगळं फंक्शन लिहिलं. लूपने त्याच्या हातात एका मालकाचा नंबर ठेवायचा, त्याने तो डब्यात घालून, झाकण लावून नवं फंक्शन बाहेर पाठवायचं. प्रत्येकाचा डबा ज्याच्या त्याच्या हाती. कोड उलट आणखी नीटस झाला.

"काका, फोन हातात धरा." तिने मांजराचं बटण दाबलं. काकांचा फोन गप्प. कुत्र्याचं दाबलं. गप्प. जिवात जीव आला. मग पोपटाचं दाबलं आणि फोन किणकिणला: 'पोपट बरा आहे. घरी न्या.' काकांनी पिंजऱ्याजवळ उभं राहून तो निरोप दोनदा वाचला आणि डोळे पुसले.

तेवढ्यात दातांचे डॉक्टर आले. त्यांनीही बटणं दाबून पाहिली. "वा! आमच्या पेशंटांसाठी असंच चालेल का हो?"

"तुमची यादी द्या फक्त," वहिनी म्हणाली. "बटणं बनवणारं फंक्शन हेच."

"पण लिहिलंय कोणी?"

"वहिनी, काय केलंस हे!" पिंजऱ्यातून कर्कश उत्तर आलं.

डॉक्टर दचकले. नणंदेचा चेहरा खर्रकन उतरला. वहिनी खाली मान घालून नेहमीच्या वाक्याची वाट बघत राहिली.

"पोपटाचं काय मनावर घेता!" नणंद म्हणाली. "ही आमची प्रोग्रामर."

वहिनीला एकदम भरून आलं. ती पिंजऱ्यापाशी जाऊन वाकली.

"राजा," ती म्हणाली, "हे पण शिकून घे बरं."