चुलीवरची घंटी

भागोजीचं नाव निघालं की आजही माझं तोंड कडू होतं. हा माझ्या बहिणीचा दीर. मुंबईला गिरणीत होता, परत आला तो सर्वज्ञ होऊन.

बहीण ठकूबाई पोलादपूरजवळ सावित्रीच्या काठाला राहायची. नवरा वारलेला, सगळा संसार एका दुभत्या म्हशीवर. गोठा खाली नदीलगत, घर वर चढावर. चौसष्टच्या पुरात म्हैस थोडक्यात वाचली, तेव्हा मी ठरवलं, पाणी चढल्याचं घरात कळलंच पाहिजे. महाडला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं.

गोठ्याखाली पाइपात तरंगता डबा सोडला, त्याला रेडिओच्या आवाजाचं बटण जोडलं. पाणी चढलं की बटण फिरणार, वर घरापर्यंत नेलेल्या तारेतलं व्होल्टेज वाढणार. ते मी ठरवलेल्या व्होल्टेजपेक्षा जास्त की कमी, एवढाच निवाडा हवा होता. दोन ट्रान्झिस्टर घेतले, दोघांचा एकेक पाय एकाच रेझिस्टरला बांधला. एकाला नदीचं व्होल्टेज, दुसऱ्याला माझं. करंट एकालाच पुरेल इतका. ज्याचं जास्त, तो दुसऱ्याचा घास ओढून घेतो. नदी जिंकली की तिसरा ट्रान्झिस्टर घंटी वाजवतो. जोडी जुळवायला पेटीभर ट्रान्झिस्टर तपासले आणि दोघांना एकाच तांब्याच्या पट्टीत आवळलं, म्हणजे तापले तर सारखे तापतील. तिसरा मात्र एकटा. जर्मेनियमची जात, ऊब लागली की आपोआप चालू होते. म्हणून बजावलं होतं, यंत्र ओटीवर गार भिंतीला टांगा.

पावसाळा लागला आणि घंटी रोज संध्याकाळी वाजायला लागली, भाकऱ्या भाजायच्या वेळेला. निरोप आला म्हणून गेलो. यंत्र चुलीवरच्या माळ्यावर होतं, मिठाचं मडकं आणि सुक्या मासळीच्या मध्ये, काजळीने चिकट झालेलं.

"दमट हवेत मशीन खराब होतं, पाव्हणं," भागोजी म्हणाला. "आमी मिलमदी उमर काढली." आणि दारातच पचकन थुंकला.

पावसाळ्यात मीठ, बियाणं, मासळी जिथे ठेवतात तिथे यानं माझं यंत्रही सुकत घातलं होतं. मला शिसारी आली. ते पुसून ओटीवर टांगलं, पुन्हा हात लावू नका म्हणून सांगितलं. तो नुसता हसला.

श्रावणात पूर आला. रस्ता मोकळा होऊन मी पोचलो तेव्हा पाणी उतरलं होतं. गोठ्यात गुडघाभर गाळ, आणि दावणीला म्हैस मरून फुगलेली. वास सुटला होता. दावं तुटलं नव्हतं.

"घंटी वाजलीच नाय," भागोजी जमलेल्यांना सांगत होता. "बोगस काम." लोक माना हलवत होते.

मी ओटीवर जाऊन यंत्र उघडलं. आत मी घातलेले तीन सेल नव्हते.

परत आलो तर गोठ्याच्या अंधारात भागोजी तीन सेलची बॅटरी धरून उभा. उजेड लख्ख होता. मी त्या उजेडाकडे बघतच राहिलो, तेव्हा त्यालाही कळलं.

"ओटीवर टांगल्यापासनं एकदा बी वाजली नाय," तो म्हणाला. "बंद पडली वाटलं. सेल फुकट जात व्हते."

वाजली नाही म्हणजे बंद पडली. त्या माणसाला शिवी द्यायचीही मला किळस वाटली.

ठकूबाई गाळात बसून म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडवत होती, वर घरापाशी असल्याने वाचलेल्या रेडकाला बांधायला. तिने मान वर केली नाही.

"भावजी, बत्ती जरा खाली धरा," ती म्हणाली. "सेल हायत तवर."