राजसीचा लाल पंजा

सोनिवलीच्या मांडवात धर्मराजबाबानं पिवळं फडकं उंच धरलं, तशा बाया मास्क हनुवटीखाली ओढून ओरडल्या, "उठला! पंजा उठला!"

फडक्यावर अकरा वर्षांच्या राजसीचा लालभडक पंजा उमटला होता. तोच अंगारा तळहाताला चोळून तेच फडकं बाकीच्यांनीही दाबलं होतं. त्यांचा डागसुद्धा नाही.

"करणी निघतेय, कुंदाआत्या," बाबा म्हणाला. "अजून चार गुरुवार आणा हिला. आणि हॉस्पिटलात वीज लावायची नाही हां! दोष हाडात शिरला तर मी पण काय करणार?"

आत्यांनी मान डोलावली. भाचीच्या तळहातांना बारा महिने घामाच्या धारा. लिहिताना पेपर भिजे, फुगडीला कुणी हात देत नसे. उल्हासनगरच्या एका इस्पितळात तिचे हात पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून सौम्य वीज सोडत; हात कोरडे राहू लागले होते. कोरोना आला, त्या विभागात रुग्णांच्या खाटा पडल्या, उपचार बंद झाले, घाम परतला. आता तिथून पुन्हा बोलावणं आलं होतं. पण धर्मराज बदलापूर गावातल्या शेजारणीचा, बनूबाईचा मुलगा. आत्यांच्या पडवीत रांगलेला. तो नको म्हणाला, आत्या थांबल्या.

"आत्या, आग होतेय गं," राजसी कळवळली. तळहात सोलवटले होते.

"दोष जाताना चावतोच!" बाबा म्हणाला.

"मग मला एकटीलाच का? अंजनीकाकू, हात द्या ना, माझ्यासारखा ओला करून बघू." राजसीनं बाटलीतलं पाणी शेजारच्या अंजनीच्या हातावर ओतलं, अंगारा चोळला, फडकं दाबलं. लाल पंजा!

"अगं बाई! मला कोण करणी करतंय? माझ्याकडे आहे काय?"

"उडाली! पोरीची उडाली तुझ्यावर!" बाबा गरजला.

"मग मास्क लाव की अंजने," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मांडवात हशा पिकला.

आत्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अंगाऱ्याची चिमूट बोटांत चुरली. राखेत चुना होता, फडकं हळदीत रंगवलेलं. हळद, चुना आणि पाणी एकत्र आलं की लाल होतं. कोरड्या हातांना पाणी नव्हतं. राजसीला ते तिचा घामच पुरवत होता. गावदेवीच्या जत्रेसाठी त्या आणि बनूबाई असंच कुंकू करत, तेव्हा पिवळ्याचं लाल होताना परातीशी बसून टाळ्या पिटणारा हाच धर्मराज!

"धर्म्या, माझ्या परातीतलं माझ्याच पोरीवर चालवलंस?"

"आत्या, लोकांसमोर तरी..."

दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कातडी चुन्यानं भाजलीय. ती भरेपर्यंत वीज सोडता येणार नाही. आणि तुमचा नंबर गेला. नवी रांग मोठी आहे."

बाहेर आत्या राजसीचा हात धरायला गेल्या. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

पुढच्या गुरुवारी आत्या एकट्याच सोनिवलीच्या वाटेवर उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येक बाईला अडवून त्या सांगत होत्या, "घाम हा आजार आहे, करणी नाही. चमत्कार दिसला तर आधी स्वतःच्या हातावर करून बघ. आणि लेकराला डॉक्टरकडे नेऊ नको म्हणणारा अगदी घरचा असला, तरी त्याचं ऐकू नकोस. मी ऐकलं."