ज्वारीत टांगलेली सीडी

मी एक जुनी सीडी आहे. हो, तीच चकचकीत गोल चकती, मधोमध भोक असलेली. मित्रांनो, माझ्या बाबतीत जे घडलं ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. ऐका आणि तुम्हीच सांगा, असं कुणी करतं का?

मी कुठल्या कारखान्यात घडले ते मला ठाऊक नाही. शिरूरच्या बाजारातल्या एका दुकानात मी दहा कोऱ्या सीडींच्या गठ्ठ्यात होते, तिथपासूनचं आठवतं. २००५ सालची दिवाळी होती. खुटबावची अंकिता मामाकडे शिरूरला आली होती, तिने आम्हाला विकत घेतलं. बाकीच्या नऊजणींच्या नशिबी सिनेमे आणि गाणी आली. मला मात्र मानाचं काम मिळालं!

अंकिता दौंडला कॉलेजात जायची. मामाने दिलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने तिने वर्षभर दिसेल त्याचे फोटो काढले होते आणि ते कॉम्प्युटरमध्ये नुसते कोंबले होते. सुट्टीत चार दिवस बसून तिने ते नीट लावले. शेताचे एका फोल्डरमध्ये, मेंढरांचे दुसऱ्यात, वढू बुद्रुकच्या सहलीचे तिसऱ्यात. आणि एक फोल्डर 'आजी' नावाचा. त्यात एकच फोटो होता.

आजी म्हणजे रंगुबाई. अर्धा जन्म मेंढरांमागे गेलेला. कॅमेरा दिसला की ती पाठ फिरवायची. "माझं काय बघायचं त्यात? त्या कोकराचा काढ की!" मतदानाच्या कार्डावरचा काळा डाग सोडला, तर तिचा एकही फोटो घरात नव्हता. एकदाच, नुकतं जन्मलेलं कोकरू मांडीवर घेऊन ती बसली असताना अंकिताने पटकन बटण दाबलं. तेवढाच तो फोटो.

असे तीनशे फोटो अंकिताने माझ्यावर उतरवले. "आता कॉम्प्युटर बिघडला तरी काळजी नाही," ती म्हणाली. काय ऐट होती माझी तेव्हा! पण पोरीने एक चूक केली. नाव माझ्यावर लिहिलंच नाही, माझ्या कागदी पाकिटावर लिहिलं.

पंधरा दिवसांत तिच्या आईने, प्रतिभाने, त्या पाकिटात जागरणाच्या गाण्यांची सीडी घातली. मी उघडीच टीव्हीवर पडून राहिले. पुढे ज्वारी हुरड्यात आली आणि पाखरांनी उच्छाद मांडला. तेव्हा अंकिताच्या आजोबांनी, आण्णांनी, मला उचललं.

"प्रतिभा, ही कामाची हाय का गं?"

"तिच्यावर नाव न्हाई का गाव न्हाई. रिकामीच असंल. न्या, आण्णा."

रिकामी? मी? अहो, तीनशे फोटो होते माझ्यात! पण आण्णांनी भोकातून सुतळी ओवली आणि मला भर ज्वारीत काठीला टांगलं. "लई ब्येस चमकती. एक चिमणी फिरकंना," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. शाबासकी मिळत होती, पण कसली!

रंगुबाई राखणीला यायची. माझ्यात डोकावून कुंकू सारखं करायची आणि स्वतःलाच बघून हसायची. तिचा एकुलता एक फोटो माझ्यावर होता आणि तीच माझ्यासमोर उभी! मला ओरडून सांगावंसं वाटायचं. उन्हाने माझा रंग उडत होता. वारा सुटला की मी काठीवर आपटायचे आणि नवा ओरखडा पडायचा.

काढणी झाली तरी मला कुणी सोडवलं नाही. मार्चमध्ये रंगुबाईच्या छातीत कळ आली आणि तासाभरात ती गेली. धडधाकट बाई! घरात कुणाला काही सुचेना. दहाव्याला फोटो हवा होता. कॉम्प्युटर तर महिन्यापूर्वीच दुरुस्तीवाल्याने पुसून कोरा केला होता, व्हायरस शिरला म्हणून. तरी अंकिता डोळे पुसत म्हणाली, "माझी सीडी आहे ना."

तिने पाकिटातली सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली आणि सुतकाच्या घरात जागरणाची दिमडी वाजायला लागली. सगळे दचकून बघत राहिले. प्रतिभाचं तोंड पांढरंफटक पडलं. "अगं बया! ती तर आण्णांनी नेली... पाखरांसाठी."

आण्णा अनवाणीच शेतात आले. सुतळीची गाठ सुटेना, म्हणून त्यांनी ती दातांनी तोडली. मला धोतराने पुसत म्हणाले, "मीच टांगली की गं तुला उन्हात." ते मला नव्हे, रंगुबाईला म्हणत होते.

दौंडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आण्णा आणि अंकिता मला घेऊन गेले. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. तीनशेपैकी अकरा फोटो उघडले. 'आजी'मधला अर्धाच आला. वरून डोक्यावरचा पदर दिसला, मग कुंकू, मग डोळे. नाकाच्या खाली सगळं राखाडी.

आण्णांनी पडद्यावरच्या त्या राखाडी भागावर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "अंकिता, तूच काढला न्हवं ह्यो? तवा हसत हुती का गं ती?"

अंकिताने डोळे मिटून आठवून पाहिलं. "आण्णा, मला नाही आठवत," ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली.

मित्रांनो, तुमचे फोटो नीट लावा, दोन घरी दोन प्रती ठेवा, सीडीवरच नाव घाला आणि मधूनमधून उघडून बघत जा. हे सांगायला मी उरले आहे एवढंच. तो अर्धा फोटो आज भिंतीवर आहे आणि मी त्याच्यामागे खिळ्याला टांगलेली आहे. आण्णा कधीकधी मला हातात घेऊन तोच प्रश्न विचारतात. ज्वारीत ती रोज हसायची, हे मी शपथेवर सांगेन. पण फोटोत हसत होती का? काय सांगू त्यांना? नेमका तिथेच माझ्यावर ओरखडा आहे.