धुऱ्यावरची कुऱ्हाड

मी एक जुनी कुऱ्हाड आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात अजून राग आहे. तो शांत झाला म्हटलं तर खोटं ठरेल.

मोहगावच्या लोहाराने मला घडवलं. सुधाकरने बाभळीचा दांडा बसवला. त्याच्या संत्र्याच्या बागेतली वाळकी लाकडं मी तोडायची आणि त्यांवर त्याची बायको शोभा चहा ठेवायची.

"तुह्या सवतीले धार लावून आणतो," तो म्हणायचा.

"सवतच ते! माह्यापेक्षा तिच्याच जवळ जास्त राह्यता."

मग शेजारच्या गजाननने धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, नांगरून टाकला. सुधाकर जाब विचारायला गेला. मी त्याच्या खांद्यावर होते. गजाननने मला हिसकावून घेतलं आणि माझ्याच धन्याच्या डोक्यात घातलं. ज्या हाताने मला धार लावली, तोच हात माझ्यापुढे आडवा आला होता. हे मी गजाननला कधीच माफ करणार नाही.

पोलिसांनी पंचांसमोर मला कापडात बांधलं, गाठीवर लाखेचं सील ठोकलं. पोलिसांच्या मालखान्यात, जप्त मालाच्या ढिगात पडून पडून मी गंजले, पण सूड गंजला नाही.

अखेर सौंसरच्या कोर्टात माझं सील फोडलं. पहिले साक्षीदार गावचे पुंडलिकराव.

"साहेब, साऱ्या गावाले मालूम हाय, गजाननानंच मारलं!"

"गावाचं राहू द्या," जज म्हणाले. "तुम्ही स्वतः काय पाहिलं?"

"मी त त्या दिवशी पांढुर्ण्याच्या बाजारात होतो जी."

कोर्ट हसलं. मी नाही हसले.

मग शोभा साक्षीच्या कठड्यात आली. गजाननचा वकील गोड आवाजात म्हणाला, "बाई, गजाननला घाव घालताना पाहिलंच असेल ना तुम्ही?"

हो म्हण! मी आतल्या आत ओरडले. एक 'हो', आणि तो फासावर! शोभाने गजाननकडे असं पाहिलं, की नजरेला धार असती तर तो तिथेच दुभंगला असता.

"नाई," ती म्हणाली. "मी विहिरीपाशी होती. मधात पंपाच्या मोटारची खोली. 'गजानन, नको!' हे त्यायचं ओरडणं माह्या कानानं ऐकलं. मंग ह्याले कुऱ्हाड फेकून पळताना पाह्यलं. घाव नाई पाह्यला."

वकिलाने उघडलेली फाईल मिटली. विहिरीपासून काढलेले फोटो त्याने तयार ठेवले होते. त्यांत मध्ये खोलीची भिंत, पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. शोभा 'हो' म्हणाली असती तर तिच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवला नसता.

तिने ऐकलेलं, तिने पाहिलेलं आणि गजाननच्या सदऱ्यावरचं सुधाकरचं रक्त, सगळं एकाला एक जुळलं. जन्मठेप झाली.

पोलीस त्याला नेऊ लागले तेव्हा शोभा आडवी आली.

"भाऊजी, मी खोटं बोलली असती त तुम्ही सुटले असते. एवढी दया करीन वाटलं का?"

अपिलाचं आटोपलं की मला मोडून टाकतील. टाकू देत. मला जपा असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, कधी साक्षीला उभे राहाल तर भीतीने कमी सांगू नका आणि रागाने जास्त सांगू नका. आपल्या डोळ्यांनी पाहिलं, आपल्या कानांनी ऐकलं, तेवढंच जपून न्या. तेवढ्यावरच शोभाने माझ्या धन्याचा सूड उगवला.