दोन मिलिमीटरनं कमी हनुवटी

मित्रांनो, रहाटणीतल्या एका स्वयंपाकघराच्या खणात, लाटण्याच्या शेजारी जो लोखंडाचा तुकडा दिसतो ना, तो मी. मी एक जुना व्हर्नियर आहे. दोन पोलादी जबडे, मधे सरकणारी पट्टी आणि अंगावर केसासारख्या बारीक रेघा. वस्तू जबड्यात धरायची, रेघ वाचायची, की तिचं माप कळलं. एवढंच माझं काम. पण हे एवढंच काम मी चाकणच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं केलं, आणि तिथं माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द असायचा.

माझे मालक सोपानराव तिथं क्वालिटीला होते. त्यांच्या वरच्या खिशात पेन खाली आणि मी वर, असा माझा मान. शिफ्टला उभे राहिले की आधी मला फडक्यानं पुसायचे, जबडे मिटायचे आणि उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड आला नाही, शून्यावर शून्य बसलं, की मगच पहिला पीस हातात घ्यायचे. नव्या भरतीला दम द्यायचे, "आधी आपलं झिरो बघायचं, मग दुसऱ्याचं माप काढायचं! आन् लायनीतले सगळेच पीस सारखेच फेल व्हायला लागले, तर पीसला शिव्या द्यायच्या न्हाईत. माप तपासायचं."

कधी कधी मी खिशातच राहून त्यांच्याबरोबर घरी यायचो. तेव्हा त्यांची वर्षाली सहा वर्षांची होती. धावत यायची, हनुवटी माझ्या जबड्यात ठेवायची आणि श्वास रोखून विचारायची, "बाबा, मी पास?" सोपानराव तोंड गंभीर करून रेघ वाचायचे आणि म्हणायचे, "पास!" मग चांगल्या पीसवर देतात तसा हिरव्या खडूचा ठिपका तिच्या हनुवटीवर. दुसऱ्या दिवशी ती तो ठिपका न पुसता शाळेत जायची. मित्रांनो, मी हजारो बेअरिंगं मोजली असतील, पण एवढं मऊ माप पुन्हा कधी जबड्यात आलं नाही.

पुढं डिजिटल आले. बटण दाबलं की आकडा. मला कंडम ठरवलं, आणि सोपानराव रिटायर झाले त्या दिवशी शाल, नारळ आणि मी असे तिघे त्यांच्या हातात पडलो. घरी करमेना. मागच्या संक्रांतीला त्यांनी चिक्कीच्या वड्यांची जाडी मोजायला घेतली. प्रत्येक वडी सहा मिलिमीटरच पाहिजे! सुमनताई, म्हणजे त्यांच्या कारभारीण, भडकल्या. "अवो, या वड्या हायेत का वॉशर?" त्या गडबडीत मी गरम पाकात बुडालो, आणि तसाच न पुसता खणात गेलो. माझ्या एका जबड्याला आतून गुळाचा थर बसला. वाळून तो असा काळा कडक झाला, की लोखंड कुठं संपतं न् गूळ कुठं सुरू होतो ते मलाही कळेना.

आता वर्षाली सत्तावीसची आहे. वाकडला कंपनीत आहे. तिथं दिवसभर व्हिडिओ मीटिंग, म्हणजे दिवसभर चौकटीत स्वतःचंच तोंड बघायचं. बघून बघून तिला वाटायला लागलं, की आपला चेहरा खालून अर्धवट सोडलाय. तिनं क्लिनिकची शनिवारची वेळ घेतली आणि घरात सांगून टाकलं, "मी फिलर करणार. हनुवटीत करू की जॉलाइनला, तेवढंच ठरायचंय."

"म्हंजी काय भरणार?" सुमनताईंनी विचारलं.

"इंजेक्शननं जेल भरतात, आई. हनुवटीत भरलं की ती पुढे येते. जॉलाइनला भरलं की जबड्याची कड उठून दिसते. चेहरा बॅलन्स होतो."

"जबड्याचं नाव काढू नगं. तुझा जबडा सकाळपासनं चालूच हाय, त्याला आनखी काय भरायचं?"

वर्षाली हसली नाही. तिचे डोळे भरून आले. ते बघून सोपानरावांना काही सुचेना. माणसाला काही सुचेना, की तो आपल्या जुन्या कामाकडे वळतो. त्यांनी खण उघडला.

"थांब. अंदाजानं काय करायचं न्हाई. मोजू."

क्लिनिकच्या कागदावर लिहिलं होतं, नाकाखालून ओठांच्या फटीपर्यंत एक भाग धरला, तर तिथून हनुवटीच्या टोकापर्यंत दोन भाग हवेत. सोपानरावांनी मला उचललं. चष्मा कपाळावरच होता. "गंज चढलाय जरा," एवढं म्हणाले आणि सरळ मोजायला लागले. जबडे मिटून बघितलेच नाहीत! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

वरचा भाग बावीस. म्हणजे खाली चव्वेचाळीस हवे. भरले बेचाळीस.

"दोन कमी," सोपानराव पुटपुटले. मग त्यांनी आरशासमोर स्वतःचं तोंड मोजलं. दोन कमी. ते वर्षालीकडे वळले. "वर्षे, डिफेक्ट माझ्याच डायमधला, साच्यातलाच हाय गं. तुझा काय दोष न्हाई."

मी ओरडत होतो, मित्रांनो! गुळाचा थर दोन मिलिमीटरचा. मी प्रत्येक माप दोननं जास्त सांगत होतो. वरच्या वीसचे बावीस झाले, खालच्या चाळीसचे बेचाळीस. बावीसची दुप्पट कुठून भरणार? ती हनुवटी मी लहानपणापासून ओळखतो, ती अगदी मापात होती. पण तोंडात गूळ धरून कुणाला बोलता येतं?

शनिवारी बापलेक क्लिनिकला गेले, मी वरच्या खिशात. सोपानरावांनी फाइलमधून रीतसर रिपोर्ट काढला. पार्टचं नाव: हनुवटी. शेरा: रिवर्क, म्हणजे दुरुस्तीला पाठवा. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी वर्षालीचा चेहरा समोरून, बाजूनं नीट पाहिला.

"काका, मला तर हनुवटी व्यवस्थित वाटतेय."

"मॅडम, तुमच्या नजरंला वाटतंय. हा व्हर्नियर हाय. बसा, तुमचीबी दाखवतो."

आणि त्यांनी खरंच बाईंची हनुवटी माझ्या जबड्यात धरली. वर एकवीस, खाली चाळीस. "बघा! तुमचीबी दोन कमी!"

बाई खळखळून हसल्या. "अहो काका, माझी तर मी मागच्या वर्षीच फिलरनं बरोबर मापात बसवून घेतलीय!"

सोपानरावांनी बोटांवर मोजलं. तीन पीस, तिन्ही फेल, तिन्ही दोननंच. त्यांचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर आला. तेवढ्यात माझ्या जबड्यातून एक मुंगी निघाली आणि बाईंच्या टेबलावर ऐटीत चालू लागली.

"बाबा," वर्षाली म्हणाली, "याला मुंग्या लागल्यात!"

त्यांनी जबडे मिटले आणि खिडकीकडे धरले. फटीतून उजेडाची ही एवढी पट्टी आली. "झिरो बघितलं न्हाई मी," ते म्हणाले. "पोरीला सुई टोचायला निघालो, आन् झिरो न्हाई बघितलं."

बाई वर्षालीकडे वळल्या. "हनुवटी कमी नाहीये. जॉलाइन भरली तर चेहरा उगाच रुंद दिसेल. तरीही हवंच असेल तर सहा महिन्यांनी या. पण रिपोर्टवरून नको, स्वतःच्या मनानं या."

घरी येऊन वर्षालीनं मला कोमट पाण्यात भिजवलं. गूळ सुटला. तिनं मला पुसलं, शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवलं आणि जबडे मिटून बापापुढं धरलं. शून्यावर शून्य. सोपानरावांनी तीन वेळा बघितलं. मग ती खाली बसली, माझ्या जबड्यात हनुवटी ठेवली आणि श्वास रोखला.

वर वीस. खाली चाळीस.

"काय बाबा?"

 सोपानराव उठले आणि खण धुंडाळायला लागले. सुमनताई आतून म्हणाल्या, "काय शोधताय? ह्यो घ्या," आणि त्यांनी खडू पुढं केला. हिरवा नव्हता, रांगोळीच्या डब्यातला गुलाबी होता. चालला.

सोमवारी वाकडच्या मीटिंगमधे कुणीतरी विचारलं म्हणे, "वर्षाली, हनुवटीला काय लागलंय?" ती म्हणाली, "इन्स्पेक्शन झालंय."

तर मित्रांनो, मला पुन्हा खिशात घ्या असं मी म्हणत नाही, माझे दिवस गेले. फक्त काम झालं की पुसून ठेवा, आणि पाकापासून लांब. आणि कुणाच्या चेहऱ्याला माप लावायला निघालात, मग तो दुसऱ्याचा असो की आरशातला, तर आधी आपले जबडे मिटून शून्य येतंय का तेवढं बघा.