बारा भावंडं आणि एक ओला टॉवेल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या पंख्याच्या वाऱ्याने एकदा साहेबांचा केसांचा टोप उडून थेट खिडकीबाहेर गेला होता. तुम्हाला खोटं वाटेल, पण साहेब अजून टोपाशिवायच फिरतात.

आम्ही बारा भावंडं एकाच कारखान्यात जन्मलो आणि नदीच्या पुराचा अंदाज काढणाऱ्या कार्यालयात, एका लोखंडी मांडणीवर नांदायला आलो. आमची रीत एकत्र कुटुंबाची. नदीचे बारा तुकडे करायचे, प्रत्येकाने आपल्या तुकड्याचं गणित करायचं आणि पाणी किती चढलं ते शेजाऱ्याला कळवायचं. एक जरी मागे राहिला तरी बाकीचे अकरा हातावर हात ठेवून बसणार! तरुणपणी आमचं फार कौतुक झालं. पाहुणे आले की आधी आम्हाला दाखवत, मग चहा देत. पुढे आम्ही म्हातारे झालो आणि एके दिवशी साहेबांनी फर्मावलं, "शुक्रवारपर्यंत हा अंदाज तासाच्या आत निघाला पाहिजे. नाहीतर ही खोकी भंगारात!"

काळजाचा ठोका चुकायला मला काळीज नाही, म्हणून पंख्याचा चुकला.

आम्हाला कामं वाटून देणारी दोन ओपन-सोर्स साधनं होती. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट, आणि आतली ओळन् ओळ वाचायला खुली. एक दाढीवाल्या अभियंत्याचं लाडकं. ते सगळ्यांना थांबवून, हजेरी घेऊन, मगच पुढे नेई. दुसरं पाणकोंबडीचं. ही अभियंत्री रोज दुपारी पोहायला जाई, म्हणून हे नाव. तिचं साधन निरोप वाटेत असतानाच पुढचं काम सुरू करी.

कोणाचं साधन वेगवान ते ठरवायला दाढी सकाळी चाचणी घेई, पाणकोंबडी पोहून आल्यावर. दाढीचं साधन तासाच्या जरा वर जाई. पाणकोंबडीचं पार दीड तास रखडे.

"तुझं साधन तुझ्यासारखंच. पाण्यात पडलं की बाहेर यायचं नाव नाही!" दाढी म्हणाला.

"गप रे दाढी! तुझं तरी कुठे वेळेत पोचतंय?" ती म्हणाली खरी, पण डोळे भरले होते.

आणि मी पंख्याने बोंबलत होतो! कारण ही बाई पोहून आली की ओला टॉवेल माझ्या पाठीवर वाळत घाली. माझा गरम वारा आतच कोंडे. तापलो की जळू नये म्हणून मी आपोआप मंद चालतो, आणि माझ्यापायी अकराही भावंडं खोळंबत. मांडणीवर माझा नंबर सातवा; माझी घरघर ऐकून ती कौतुकाने म्हणे, "बघा, हा सातवा किती जीव तोडून काम करतोय!"

गुरुवारी दोघांच्या वरच्या मॅडम आल्या. "एकाने थंड सकाळी आणि दुसरीने तापल्या दुपारी पळायचं, ही कसली शर्यत? आज वेळा बदला."

पाणकोंबडीने सकाळी चाचणी लावली. तासाच्या आत काम फत्ते! दुपारी ती पोहून आली, टॉवेल माझ्या पाठीवर टाकला, आणि आता दाढीचं साधन कासवालाही लाजवेल असं सरपटू लागलं.

"अहो, काल तर धावत होतं!" दाढी कळवळला.

मॅडमनी एकेका भावंडाच्या पाठीवर हात फिरवला. माझ्यापाशी येताच, "आई गं!" टॉवेल चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "हा कोणाचा?"

पाणकोंबडी ओशाळली. "माझा. इथे लवकर वाळतो हो, मॅडम."

"म्हणजे इतके दिवस तू स्वतःच्याच साधनाला टॉवेलात गुंडाळून पळवत होतीस?"

दाढी इतका हसला, इतका हसला, की मांडणीवरची धूळ उडाली आणि आमची फुकटात सफाई झाली.

शुक्रवारी भर दुपारी, साहेबांसमोर, पाणकोंबडीचं साधन चाललं. माझी पाठ मोकळी होती. तासाच्या आत अंदाज हजर! भंगारवाला रिकामी गाडी ढकलत परत गेला, आणि दाढीने खिडकीबाहेर टॉवेलासाठी दोरी बांधून दिली.

मित्रांनो, तुमच्यातला कुणी मागे पडला, तर त्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या पाठीवर एकदा हात ठेवून पाहा. कदाचित तुमचाच टॉवेल तिथे वाळत असेल.