उल्तिमा म्हणजे शेवटची

गेरार्दोने नगरपालिकेतून आणलेला जन्मदाखला टेबलावर ठेवला आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर साखरेचं भांडं ठेवलं.

रोसेल्लाने दहा दिवसांच्या मुलीला एका खांद्यावर सावरत भांडं बाजूला सारलं.

"उल्तिमा?"

"थोरल्या मुलीला बापाच्या आईचं नाव. आमच्याकडे असंच चालत आलंय."

"सकाळी घरातून निघताना तू वियोला म्हणत होतास!"

"वाटेत वाटलं, आईला वाईट वाटेल."

"पहिलीच पोर आणि नाव शेवटची? नऊ महिने मी वागवलं, आणि तू वाटेत नाव बदललंस?"

खिडकीपाशी गेरार्दोची आई लाल मिरच्या दोऱ्यात ओवत बसली होती. उल्तिमाला यंदा त्र्याहत्तरावं लागलं होतं. तिची सुई थांबली. रोसेल्लाने तिच्याकडे पाहिलंही नाही. हे नाव सासूनेच पढवलंय, असं दाखला वाचताक्षणी तिने गृहीत धरलं होतं.

"आई, तूच सांग हिला," गेरार्दो म्हणाला.

"काय सांगू?"

"तुला किती आनंद झाला ते."

उल्तिमा उठली. मांडीवरच्या मिरच्या फरशीभर पसरल्या.

"मला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? तुझा मान आहे तो."

"मान! पाच मुलींनंतर मी झाले. तुझे आजोबा त्याच कचेरीत गेले. कारकुनाने नाव विचारलं, तर म्हणाले, उल्तिमा लिही, आता बास. दोन वर्षांनी मुलगा झाला. काय रे नाव तुझ्या मामाचं?"

गेरार्दो वाकून मिरच्या गोळा करू लागला.

"सांग ना."

"बेनवेनुतो."

"म्हणजे सुस्वागतम्! त्याला सुस्वागतम् आणि मला बास. शाळेत बाई मला रांगेच्या टोकाला उभी करायच्या, नावच तसं म्हणून. पोरं हसायची. लग्नात पाद्रीसुद्धा हसला. आणि तू तीच धोंड माझ्या नातीच्या गळ्यात बांधून आलास, वर मान म्हणतोस?"

"मला काय माहीत? तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. चाळिशी आली तुझी." तिने अंगावरचा एप्रन काढून खुर्चीवर फेकला. "गाडी काढ."

"आत्ता? आई, मी आत्ताच तिथून..."

"कचेरी एकला बंद होते. गाडी काढ!"

रोसेल्ला बाळाचं दुपटं शोधायला आत गेली.

कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईने दाखला उलटसुलट करून पाहिला.

"नोंद झाली ती झाली. आता नाव बदलायचं तर अर्ज जिल्ह्याला जाणार. पाचसहा महिने सहज लागतात."

"मग राहू दे," गेरार्दो पुटपुटला. "घरी वियोला म्हणू."

"आणि बाहेर?" रोसेल्ला म्हणाली. "शाळेत? की तिथेही रांगेच्या टोकाला?"

तो मागे सरकला. बाईने एक अर्ज पुढे केला.

"दोन द्या," उल्तिमा म्हणाली.

"मूल एकच ना, बाई?"

"दुसरा माझा."

बाईला गंमत वाटली. ती हसली, मग तिघांचे चेहरे बघून थांबली. तिने दुसरा अर्ज काढला, वर तारीख लिहिली, विचारून जुन्या नावाची ओळ भरली.

"नवीन नाव काय लिहू?"

उल्तिमाने तोंड उघडलं. सकाळपासून तिचा एकही शब्द अडला नव्हता. तिने खिडकीची कड घट्ट धरली. मागे रांगेतला म्हातारा खाकरला.

"आई," रोसेल्ला जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्हाला कुठलं आवडतं?"

"थांब," उल्तिमा म्हणाली. "सांगते. थांब जरा."